पोळ्याचीं खारीं औतें : ज्वारीच्या पिठाचे सणाचे जिन्नस

श्रावणाचा दुसरा पंधरवडा लागला म्हणजे गोदाकांठच्या शेतकऱ्याच्या घरीं दुहेरी घाई उडते. गोठ्याकडे झुली, म्होरक्या व घुंगुरमाळा काढून झाडूं-पुसूं लागतात आणि स्वयंपाकघरांत पिठाचे डबे रिकामे करून धुतले जातात. पोळा झाला कीं गणपति, त्यामागोमाग महालक्ष्म्या, पुढें पितृपंधरवडा आटोपला कीं अंबडच्या मत्स्योदरी देवीचें नवरात्र. हा ओघ दिवाळीपर्यंत थांबत नाहीं. यांपैकीं बहुतेक सणांना पिठाचें कांहींतरी घडविण्याची चाल आहे. महालक्ष्म्यांवर करंजी, पापडी, वेणी, फणी यांचा फुलोरा टांगतात. नवरात्रांत घटावर कडाकण्यांची माळ बांधतात. आषाढांतील दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे उकडतात. कोठें कोठें बैलांच्या शिंगांतही कोडबळीं अडकवितात. देवाचा भाग बहुधा गोड असतो. परंतु घरचीं मुलेंमाणसें पुढें आठ-दहा दिवस येतां-जातां जें तोंडांत टाकतात तें खारेंच असतें, आणि त्याविषयींच येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शहागड हें अंबड तालुक्यांतील गोदावरीकांठचें गांव. धुळें-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग येथें नदी ओलांडून पलीकडे गेवराईच्या मुलखांत शिरतो. महामार्गावरचें गांव म्हटलें म्हणजे दुकानादुकानांतून रंगीत पुड्यांच्या माळा लोंबत असावयाच्याच. त्या पुड्यांतील खाऊ मुलांना आवडतो यांत मुलांचा दोष नाहीं. तो हलका असतो, कुरकुरीत असतो, आणि त्याचे आकार गमतीचे असतात. मग तोच आकार व तोच कुरकुरीतपणा घरच्या ज्वारींत कां आणूं नये? ज्याच्या रानांत शाळू पिकतो त्यानें सणाच्या खाऊकरितां मैदा व पामतेल विकत आणावें, यांत आम्हांस हिशेबही दिसत नाहीं आणि हौसही दिसत नाहीं. सन २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतून ज्वारीच्या बिस्किटांचे डबे मांडले गेले. ज्यांच्या ताटांत ज्वारी रोज आहे त्यांनीं मात्र सणाच्या दिवशीं तिला चुलीपासून दूर ठेवावें, ही थोडी चमत्कारिकच गोष्ट आहे.

याला कारण आहे, आणि तें खोटें नाहीं. गृहिणी सांगतात कीं ज्वारीचें पीठ वळत नाहीं, वळलें तर मोडतें, आणि न मोडलें तर तेलांत फुटतें. या तिन्ही तक्रारींचें मूळ समजून घेतलें म्हणजे उपाय कठीण नाहींत.

गव्हाचें पीठ पाण्यानें भिजविलें कीं त्यांत ग्लूटेन नांवाचें चिवट प्रथिन तयार होतें. त्याच्या जोरावर कणीक ताणली तरी तुटत नाहीं. म्हणून कडाकणी कागदासारखी लाटतां येते आणि वेणीचे पेड दोऱ्यासारखे ओढतां येतात. ज्वारींत हें ग्लूटेन नाहीं. तिच्या पिठाला जी थोडीबहुत पकड असते, जिला आपण विरी म्हणतों, ती ताज्या दळणांतच चांगली मिळते. पीठ जुनें झालें म्हणजे विरी जाते. शिवाय दाण्याच्या अंकुरांत जो तेलाचा अंश असतो तो दळल्यावर हवेनें खवट होऊं लागतो व पिठाला कडवटपणा येतो. याकरितां सणाचें दळण आदल्या दिवशीं, फार तर दोन दिवस आधीं आणावें. दाणा रब्बीचा घ्यावा. मोहोळच्या केंद्रांत निवडलेली मालदांडी ३५-१ असो, परभणीच्या कृषि विद्यापीठानें दिलेली परभणी मोती असो, किंवा घरचा जुना शाळू असो, पांढरा, भरीव व कोरड्या हवेंत पिकलेला दाणा या कामास उत्तम. खरिपाची ज्वारी पावसांत सांपडून काळी पडली असेल तर ती या कामींच काय, कोणत्याही खाण्याच्या कामीं घेऊं नये. बुरशीनें दाण्यांत जें विष उत्पन्न होतें तें तळल्यानें किंवा भाजल्यानें नाहींसें होत नाहीं.

ताज्या पिठाची विरीही आकार घडविण्यास पुरी पडत नाहीं. तेथें उकड कामास येते. पिठांतील पिष्ट सुमारें सत्तर अंश सेंटिग्रेडच्या पुढें पाण्यांत तापलें कीं फुगतें आणि खळीसारखें चिकट होतें; ग्लूटेनचें काम मग कांहीं अंशीं ही खळ करते. भाकरीला आधणाचें पाणी घेणाऱ्या बाईला हें निराळें सांगावयास नको. परंतु तळावयाच्या जिनसाची सगळीच उकड काढली तर पिठांत पाणी फार राहतें, आणि जितकें पाणी जास्त तितका वेळ जिन्नस तेलांत राहून तितकेंच तेल पितो. म्हणून अर्धी उकड काढावी असें आमचें मत आहे.

अर्धा किलोचा हिशेब सांगतों. ज्वारीचें पीठ चारशें ग्राम व हरभऱ्याच्या डाळीचें पीठ शंभर ग्राम हीं दोन्ही एकत्र करून दोनदां चाळून घ्यावीं. त्यांत दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचें मोहन घालून हातानें चोळावें. मोहन याहून फार वाढवूं नये. खुसखुशीतपणाच्या लोभानें तें दुप्पट केलें तर जिन्नस कढईत विरघळूं लागतो. मीठ, तिखट, हळद, ओवा व तीळ घरच्या चवीप्रमाणें. नंतर यांतील निम्मे पीठ बाजूस ठेवावें. सुमारें साडेतीनशें ग्राम पाणी उकळून खालीं उतरवावें, त्यांत उरलेलें निम्मे पीठ घालून ढवळावें व दहा मिनिटें झांकण ठेवावें. हाताला सोसेल इतकें निवलें म्हणजे बाजूचें कोरडें पीठ थोडें थोडें घालीत चांगलें मळावें. कोरडें वाटल्यास कोमट पाण्याचा हात लावावा. दाणा जुना-नवा असेल त्याप्रमाणें पाणी कमीजास्त लागतें, तेव्हां मापापेक्षां हातावर भरंवसा ठेवावा. करंगळीएवढी वळी करून बोटाभोंवतीं वळवावी. ती भेगा न पडतां वळली कीं पीठ सिद्ध झालें. मळलेलें पीठ ओल्या फडक्याखालीं ठेवावें, नाहींतर वरून सुकून पुन्हां भेगा पडतात.

आतां आकारांविषयीं. पोळ्याची अमावास्या हीच पिठोरी अमावास्या. पिठाच्या पदार्थांचा नैवेद्य दाखवावयाचा म्हणून पिठोरी, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. ज्यांच्या घरीं बैल नाहींत ते त्या दिवशीं मातीचे बैल पुजतात, आणि विदर्भांत दुसरे दिवशीं तान्हा पोळा भरून मुलें लांकडी बैल मिरवितात. ट्रॅक्टर आल्यापासून बैल नसलेलीं घरें आपल्याकडेही वाढलीं आहेत. तेव्हां पिठाचे बैल करावे हा विचार सहज सुचेल. परंतु ज्याची पूजा करावयाची त्याचीच आकृति त्याच दिवशीं कढईत सोडून खावी, हें घरांतील वडीलधाऱ्यांस रुचणार नाहीं, व खरें सांगावयाचें तर आम्हांसही रुचत नाहीं. बैल मातीचा असूं द्यावा. पिठाचीं करावीं तीं त्याचीं औतें. पोळ्याच्या दिवशीं रानांत औत जुंपावयाचें नसतें; कढईत मात्र तें खुशाल जुंपावें.

सर्वांत सोपा विळा. वळी घेऊन चंद्रकोरीसारखी वळविली व एक टोंक मुठीसारखें दाबलें कीं झालें. चार वर्षांचें पोरही हें करतें. कासरा म्हणजे दोन बारीक वळ्यांचा पीळ. तो हलक्या हातानें, दोन-तीनच वेढे देऊन घालावा. गाडीचें चाक म्हणजे साधें कोडबळें करून त्यांत दोन आडव्याउभ्या काड्या बसवावयाच्या. सांधा जेथें येईल तेथें पाण्याचें बोट लावून दाबावें, एरव्हीं आरा तेलांत सुटून धांव एकटीच तरंगत राहते. जूं करतांना एक लांब वळी व तिच्या दोन्ही बाजूंस शिवळांच्या दोन-दोन काड्या. तिफण मोठ्या मुलांनीं करावी. दिंडाची आडवी वळी, तिला खालीं तीन फण, वर मधोमध चाड्याची लहानशी वाटी आणि पुढें दांडी. ही चपटी करावी, उभी राहील अशी करण्याच्या नादीं लागूं नये. वखर याच रीतीनें, मात्र त्याची पास चांगली रुंद दाबावी. ज्या मुलाला तिफणीचे फण किती आणि चाडें कशाकरितां हें ठाऊक नाहीं त्याला तें या निमित्तानें ठाऊक होतें; पाभर आणि तिफण यांतील फरकावरून एखादा वादही माजतो, तो माजूं द्यावा.

तळण्याच्या बाबतींत मात्र मुलांची हौस आवरावी लागते, आणि येथें आम्ही वाचकांस विशेष सावध करूं इच्छितों. तांदूळ किंवा ज्वारी यांच्या पिठाचा जाड जिन्नस कढईत सोडला तर त्याचा बाहेरचा थर आधीं कडक होतो. आंतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाहीं, आणि ती थर फोडून बाहेर पडते. त्याबरोबर कढत तेल हातभर उडतें. कणकेचा जिन्नस फुगून वाफेला जागा देतो. ज्वारीचा थर ताणला जात नाहीं, म्हणून तो एकदम फुटतो. यास्तव वळी करंगळीहून जाड कोठेंही नसावी. चपटे आकार हरभऱ्याच्या दाण्याहून जाड नसावे. जेथें दोन तुकडे जोडले असतील, म्हणजे चाकाचा मध्य, तिफणीचें चाडें, विळ्याची मूठ, तेथें बाभळीच्या स्वच्छ कांट्यानें किंवा दाभणानें दोन-तीन भोकें आरपार पाडावीं. घुंगूर करावयाचा तर टिकली करून त्यावर रेघ ओढावी; भरीव गोळा कधींही तळूं नये. पीठ दोनदां चाळावयास सांगितलें तेंही याचकरितां, कारण न भिजलेली गुठळी आंत राहिली तर तेथेंच पोकळी होऊन वाफ कोंडते.

तेल मध्यम तापलेलें असावें. पिठाचा कण टाकला असतां तो तळाशीं क्षणभर थांबून मग बुडबुड्यांसह वर यावा. टाकल्याबरोबर उसळून वर आला तर तेल जास्त तापलें आहे; तशा तेलांत औत बाहेरून लाल होईल व आंतून मऊ राहून दुसऱ्या दिवशीं वातड लागेल. सोडल्यावर मिनिटभर झाऱ्या लावूं नये, कारण तेवढ्या वेळांतच आकार धरतो. पुढें आंच मंद करून बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळावें. बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारें पाणी. ते थांबले म्हणजे जिन्नस कोरडा झाला, ही खूण रंगापेक्षां अधिक खात्रीची आहे.

तेल कोणतें घ्यावें यावर आपल्या भागांत एकच उत्तर मिळावयाचें, तें म्हणजे करडईचें. करडईचें घाण्याचें तेल आमटीला, धपाट्याला, चटणीवर घेण्यास नामी आहे. परंतु खोल तळणासाठीं तें आम्ही सुचविणार नाहीं. त्यांत लिनोलिक आम्लाचा अंश फार मोठा असतो, आणि हा अंश जितका जास्त तितकें तेल उष्णतेनें व हवेनें लवकर बिघडतें. शिवाय न शुद्ध केलेलें घाणीचें तेल लवकर धूर धरतें. तळणास भुईमुगाचें तेल बरें. उरलेलें तेल गाळून झांकून ठेवावें व भाजीच्या फोडणीत लवकर संपवावें. महिनाभर तीच कढई पुन्हां पुन्हां तापवूं नये. तेल किती बिघडलें म्हणजे टाकावें याची मर्यादा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें १ जुलै २०१८ पासून ठरवून दिली आहे. ती उपकरणानें मोजावयाची असते. घरीं खूण इतकीच कीं तेल काळपट व दाट झालें, त्यावर फेस राहूं लागला किंवा नाकाला झोंबूं लागलें तर तें संपलें असें समजावें.

मुलांनीं औतें घडवावीं ओसरीवर, आणि तळावें मोठ्या माणसानें आंत. चूल जमिनीवर असेल तर कढईभोंवतीं मुलास फिरकूं देऊं नये. कढईएवढें झांकण हातांशीं ठेवावें. तेलानें पेट घेतला तर पाणी न टाकतां आंच बंद करून झांकण घालावें. हात भाजलाच तर नळाच्या किंवा रांजणाच्या साध्या गार पाण्याची धार वीस मिनिटें धरावी. हळद, तूप, शाई, दंतमंजन असें कांहींही लावूं नये. भाजलें मोठें असल्यास स्वच्छ कापडानें सैल झांकून दवाखान्यांत न्यावें.

फुलोऱ्याच्या खाऱ्या जिनसांविषयीं थोडक्यांत सांगतों. वेणी, फणीचे दांते, मंगळसूत्राचा सर हें नाजूक काम ज्वारीचें नव्हे. तेथें गहूच हवा. रवा व कणीक सम घेऊन घट्ट भिजवावी, तासभर मुरूं द्यावी व मग कुटून मऊ करावी. आरसा, करंडा, पाटल्या, जोडवीं हे सुबक परंतु जाडसर आकार ज्वारींत चांगले निघतात. देवीपुढें टांगावयाच्या नगांत मीठ चालतें कीं नाहीं हें ज्यानें त्यानें आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणें पहावें. घाणा निराळा काढला म्हणजे कोणाचाच मोड होत नाहीं. आणि नागपंचमीस ज्या घरांत चिरणें व तळणें वर्ज्य आहे त्यांनीं हेंच पीठ मोहन न घालतां, चाळणीवर पंधरा-वीस मिनिटें वाफवून, वर करडईच्या तेलाची धार सोडून खावें. पुडीच्या कुरकुरीतपणाची सर त्याला येत नाहीं, पण गरम असतांना तें फारच रुचकर लागतें.

राहिला बैलाचा वांटा, आणि तो या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग समजावा. पोळ्याच्या दिवशीं बैलाला पुरणपोळीचा घांस देतात, कोणी ज्वारीच्या पिठाचे गोळे चारतात, कोणी शिजविलेलें धान्य पुढें ठेवतात. वर्षभर कडब्यावर राबलेल्या जनावराला एक दिवस पोटभर गोड खाऊं घालावें ही भावना चांगली आहे. परंतु बैलाचें पोट आपल्यासारखें नाहीं. त्याच्या कोठीपोटांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात, ते चारा आंबवून पचवितात, व तेथील आम्लमान साधारणतः सहा ते सातच्या दरम्यान राहतें. सवय नसतां एकाएकी पुष्कळ पीठ किंवा शिजलेलें धान्य पोटांत गेलें कीं पिष्टावर वाढणारे जंतु माजतात, लॅक्टिक आम्ल सांचतें, आम्लमान साडेपांचच्या खालीं जातें आणि चारा पचविणारे जंतु मरूं लागतात. अखंड दाण्यापेक्षां पीठ व शिजलेलें अन्न लवकर आंबतें, म्हणून त्यापासून धोकाही अधिक. पोळा झाल्यानंतर दुसऱ्या दिवशीं बैल मलूल दिसतो, रवंथ करीत नाहीं, दांत खातो, डावी कूस फुगते, पातळ व आंबूस वासाचें शेण टाकतो, पुढें झोकांड्या खातो. "दृष्ट लागली" म्हणून लोक मीठ-मोहऱ्या उतरवीत बसतात व त्यांत वेळ जातो. हीं लक्षणें दिसतांच धान्य व पेंड बंद करावी, सुका कडबा तेवढा पुढें ठेवावा आणि पशुवैद्यास तत्काळ बोलवावें. अशा बैलाच्या घशांत बळेंच पातळ औषध ओतूं नये. तें श्वासनळींत उतरून फुप्फुसाला अपाय होतो.

म्हणून बैलासाठीं कोडबळीं निराळीं करावीं, तींही मोजकीं. त्यांत मीठ-तिखट घालूं नये व तीं तेलांत न तळतां तव्यावर भाजावीं. प्रत्येक शिंगांत एक अडकवावें. ओवाळून झाल्यावर पुरणपोळीचा एखादा घांस आणि एखादें कोडबळें हातानें भरवावें, व पुढें हिरव्या चाऱ्याची पेंढी टाकावी. बैलाला खरा आनंद तिचाच होतो. कोडबळें बांधावयाचें झाल्यास सुती किंवा अंबाडीच्या दोऱ्यानें बांधावें. नायलॉनची दोरी व चमकीचे कागद बैल एकमेकांच्या शिंगांवरून ओढून गिळतात. तें पचत नाहीं व कोठीपोटांत गोळा होऊन राहतें. घरांत उरलेल्या पोळ्या व पीठ सायंकाळीं गव्हाणींत ओतण्याची जी संवय आहे ती तर सर्वथा टाळावी. शेजारपाजारचीं मुलें ओवाळावयास येतात तींही आपापल्या घरून घांस आणतात, आणि एक बैल पांच घरचें जेवतो. मालकानें तेथें संकोच न करतां हात धरावा.

तळलेलीं औतें पूर्ण निवल्यावरच डब्यांत भरावीं. भाद्रपदाच्या दमट हवेंत उघडीं राहिलीं तर तासाभरांत मऊ पडतात. तशीं पडल्यास कोरड्या तव्यावर मंद आंचेवर परतलीं कीं पुन्हां कुरकुरीत होतात. घट्ट झांकणाच्या डब्यांत आठ-दहा दिवस सहज टिकतात. मोडलेले फण, आरे व शिवळा तळाशीं उरतातच. ते खलबत्त्यांत जाडसर कुटून, कांदा, कोथिंबीर व दही घालून कालवावे. महालक्ष्म्यांच्या दिवशीं आंबील असतेच, तिच्याबरोबर हें कालवण छान लागतें.